‘ळ’ न येणारा आवाज

इंदिरा नगरातल्या त्या गल्लीत कुणाचा कॉम्प्युटर अडला की लोक दुकानदाराला फोन करण्याआधी निफाडकरांचं दार वाजवायचे. चंद्रहास निफाडकर एका सरकारी बँकेच्या विभागीय कार्यालयात संगणक विभाग सांभाळायचा. मूळचा नाशिकचा. बदलीवर लखनौला आला आणि इथेच रमला. तो काळ असा होता की घरोघर कॉम्प्युटर येत होते, पण त्यांचं पुढे करायचं काय, हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. लोक बाजारातून चोरीच्या सीड्या आणायचे, त्यांतून व्हायरस यायचे, आणि मग निफाडकरांची आठवण व्हायची.

चंद्रहासचं म्हणणं साधं होतं. चोरी कशाला करायची, जे हवं ते चांगलं आणि राजरोस फुकट मिळतंय की! शेजारच्या मिश्राजींच्या सुनेला नोकरीच्या अर्जासाठी फोटो पन्नास केबीच्या आत बसवायचा होता, त्यासाठी एक छोटा प्रोग्राम होता. पीडीएफची पानं जोडायला एक, फुगलेल्या फायली आवळायला एक. केशरी शंकूचं चित्र असलेला तो प्लेअर तर त्याने निम्म्या कॉलनीच्या कॉम्प्युटरवर स्वतः बसवला होता, कारण त्याच्यावर लग्नाची कुठलीही सीडी न कुरकुरता चालायची. दर रविवारी सकाळी तो ऑफिसातल्या लोकांना आणि लखनौतल्या मराठी मंडळींना एक ईमेल पाठवायचा. विषय ठरलेला असायचा: ‘या आठवड्याची सोय’. एक प्रोग्राम, तो काय करतो, कुठून उतरवायचा आणि बसवताना कुठल्या चौकोनातली खूण काढून टाकायची, एवढंच त्यात असायचं.

त्याची बायको अरुणा यावरून त्याची यथेच्छ थट्टा करायची. “अहो, पोळ्या लाटायचा एखादा सापडला तर आधी मला कळवा हं. मंडळींना नंतर.”

अरुणा अलीगंजमधल्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. आवाज असा खणखणीत, की दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून ती खाली गल्लीत भाजीवाल्याशी भाव करायची आणि तिसऱ्या घरातल्या बायका तोच भाव पकडून खाली उतरायच्या. शाळेत हिंदी, बाजारात हिंदी, पण उंबरा ओलांडून घरात आली की ती फक्त मराठी बोलायची. मुलगी क्षितिजा इथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र हिंदीतून यायचं. “जेवायला ये गं” म्हटलं की “आ रहे हैं, आई.” अरुणा तिला कधी टोकायची नाही, पण स्वतः हिंदीवरही यायची नाही. मायलेकींचा संसार असा दोन भाषांत वर्षानुवर्षं सुखाने चालला होता.

२०११च्या उन्हाळ्यात एके दिवशी अरुणा शाळेतून आली ती स्कूटरची किल्ली टेबलावर टाकून तशीच बसून राहिली.

“काय झालं?”

“ब्रह्मपुत्रा म्हणता येईना,” ती म्हणाली. “सगळा वर्ग हसला.”

चंद्रहासही हसला. उन्हाने जीभ जड झाली असेल, मिठाच्या गुळण्या कर म्हणाला. गुळण्या झाल्या. मग दातांचा डॉक्टर झाला, मग घशाचा. थायरॉइडची तपासणी झाली. पावसाळा संपेपर्यंत अरुणाचं बोलणं असं झालं होतं, की फोनवर अनोळखी माणसाला वाटावं, बाई झोपेतून उठून बोलताहेत. पाणी पिताना ठसका लागायला लागला. शाळेने तिला आधी वरचे वर्ग सोडायला सांगितले आणि मग लायब्ररीत बसवलं.

शेवटी मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं. मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच हळूहळू मरत जातात, असा आजार. डॉक्टर सज्जन होते, त्यांनी काही लपवलं नाही. “ज़ुबान से शुरू हुआ है, तो आवाज़ पहले जाएगी. फिर निगलना. हाथ-पैर भी जाएँगे. दिमाग़ पूरा साफ़ रहेगा.”

“काहीच करता येणार नाही का?” चंद्रहासच्या तोंडून मराठीच बाहेर पडलं.

डॉक्टरांना शब्द कळले नाहीत, पण प्रश्न कळला. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

परत येताना निशातगंजच्या पुलावर गाड्यांची गर्दी होती. मागे बसलेली अरुणा त्याच्या कानाशी काहीतरी म्हणाली. त्याला समजलं नाही. “काय?” त्याने स्कूटर हळू केली. ती पुन्हा म्हणाली. मागून हॉर्न वाजत होते. “काय गं?” त्याने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तिने त्याच्या खांद्यावर नुसतं थोपटलं, राहू द्या अशा अर्थाने. ती काय म्हणाली होती, ते त्याला कधीच कळलं नाही. पुढे वर्षानुवर्षं त्या पुलावरून जाताना त्याचा जीव कासावीस व्हायचा.

दुसऱ्या दिवसापासून चंद्रहास कॉम्प्युटरसमोर बसला तो बुडता माणूस काडीला चिकटतो तसा. आजाराला औषध नव्हतं हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं, पण आवाज जाणार आहे एवढं शिरलं होतं, आणि आवाजाचं काहीतरी करता येईल असं त्याला वाटत होतं. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारी परदेशी यंत्रं होती, पण ती मागवणं आवाक्याबाहेरचं होतं आणि ती मराठी जाणतही नव्हती. मग फुकटचं काय आहे? काहीतरी असणारच. आजवर कधी नव्हतं असं झालंच नव्हतं.

पहिल्यांदा त्याने तिचा आवाज साठवून ठेवायचं ठरवलं. ध्वनिमुद्रणाचा एक चांगला प्रोग्राम त्याच्याकडे होताच. रविवारी दुपारी माइक जोडून त्याने अरुणाला समोर बसवलं. रोजची शंभर वाक्यं काढली होती. पाणी दे, दार लाव, क्षितिजा आली का. अरुणाने पहिली सात-आठ वाक्यं वाचली. मग तिने हेडफोन मागून घेतला आणि स्वतःला ऐकलं. 

“हा माझा आवाज नाही,” ती म्हणाली. एकेक शब्द ओढून बाहेर काढावा लागत होता. “पुसा.”

“अगं, आत्ता आहे तेवढा तरी...”

तिने माउस त्याच्या हातातून घेतला, फाईल निवडली आणि कायमची पुसून टाकली. कचऱ्याच्या टोपलीतही न जाता फाईल थेट कशी पुसायची, ते त्यानेच तिला एकदा कौतुकाने शिकवलं होतं. पुसलेली फाईल परत आणणारा प्रोग्रामही त्याच्याकडे होता. त्याने तो चालवला नाही. हेडफोन काढताना तिचा चेहरा त्याने पाहिला होता.

मग त्याला लिहिलेलं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम सापडला. फुकट, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेला. त्यात इंग्रजी होतं, हिंदी होतं, मराठी नव्हतं. लिपी तर एकच आहे, असं म्हणून चंद्रहासने हिंदी आवाज लावला आणि कीबोर्ड अरुणापुढे सरकवला.

तिने टाइप केलं: केळी आणा.

“केली आना,” पत्र्याच्या डब्यातून यावा तसा पुरुषी आवाज म्हणाला.

क्षितिजा फिस्सकन हसली. अरुणाही हसली. मग तिचं हसणं थांबेना, आणि बघता बघता त्याचं रडणं झालं, आणि तेही थांबेना. हा आजाराचाच भाग असतो, हसणं-रडणं हातात राहत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण चंद्रहासला त्या वेळी कळेना, की हे आजाराचं रडणं आहे की अरुणाचं. त्याने कॉम्प्युटर बंद केला.

त्या रविवारी त्याने नेहमीच्या यादीला ईमेल पाठवला. विषयाच्या जागी लिहिलं, ‘मदत हवी आहे’. आजवर आपण काही सुचवत आलो, आज विचारतो आहोत. पत्नीचा आवाज चालला आहे. मराठी बोलणारा कुठलाही प्रोग्राम, चाचणीतला का असेना, कुणाला माहीत असेल तर कृपया लगेच कळवावं.

उत्तरं पुष्कळ आली. कुणी चुंबकाचं कडं सुचवलं, कुणी हरिद्वारचे एक बाबा. कुणी वेखंड चाटवायला सांगितलं. एकाने त्याचाच जुना ईमेल त्याला परत पाठवला होता, खाली ‘यात बघा काही मिळतं का’ असं लिहून. मराठी बोलणाऱ्या प्रोग्रामबद्दल कुणाकडूनही एक अक्षर आलं नाही. बँकेतला त्याचा कोल्हापूरचा सहकारी जयसिंग तेवढा घरी आला. त्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. तो अरुणाशेजारी बसला, चहा प्यायला आणि जाताना दारात चंद्रहासचा हात धरून उभा राहिला. “साहेब, बँकेतली सकाळची कामं मी उरकत जाईन. तुम्ही उशिरा आलात तरी चालेल.”

मिळालेला वेळ चंद्रहासने त्या पत्र्याच्या आवाजावर लावला. प्रोग्राम उघडा होता; कुठल्या अक्षराचा उच्चार कसा करायचा, याचे नियम साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले होते आणि ते कुणालाही बदलता येत होते. मात्र ते बदलायचे कसे, हे त्याला येत नव्हतं. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांनी बनवलेली साधनं लोकांना सुचवली होती, स्वतः एकही बनवलं नव्हतं. आता सकाळी बँकेत जाण्याआधी आणि बँकेत डबा खाताखाता तो नियम लिहायची ती भाषा शिकू लागला. एक नियम बदलायचा, सगळं पुन्हा बांधायचं, ऐकायचं. ‘ळ’ नीट केला तर ‘ल’ बिघडायचा. ‘असं’ म्हणायला सांगितलं तर ‘असम’ व्हायचं.

आणि इकडे घड्याळ थांबत नव्हतं. दिवाळीपर्यंत अरुणाचं बोलणं घरच्यांनाही समजेनासं झालं. तिच्या थोरल्या भावाचा, राजारामदादांचा, भाऊबिजेला नाशिकहून फोन आला. अरुणाने खूण करून कॉम्प्युटर मागितला. चंद्रहासने फोनचा स्पीकर लावून तो कॉम्प्युटरजवळ धरला. तिने हळूहळू टाइप केलं आणि आवाज म्हणाला, “दादा, मी अरू बोलतेय. ओवालते तुला.”

 पलीकडून दादा म्हणाले, “कोण बोलतंय? चंद्रहास, हे कोण आहे? अरूला दे ना.”

“दादा, ती अरुणाच आहे. मशीनमधून बोलतेय.”

“नको रे,” दादांचा आवाज फुटला. “नको ऐकवूस मला हे. तिचा नुसता श्वास ऐकव.”

अरुणाने फोन ओढून कानाला लावला. दोघं भावंडं बराच वेळ काही न बोलता फोन धरून बसली होती. चंद्रहास स्वयंपाकघरात गेला आणि सिंकचा नळ सोडून तिथेच उभा राहिला.

त्यानंतर तो आणखी पिसाळल्यासारखा कामाला लागला. एके सकाळी तो ‘चांगलं’ हा शब्द पुन्हापुन्हा वाजवून बघत होता. शाळेची बॅग भरणारी क्षितिजा मागे येऊन उभी राहिली.

“बाबा, ग़लत है. आई ऐसे नहीं बोलतीं.”

“मग कसं?”

“चांगलं,” ती म्हणाली. तो ‘च’ दातांमागून आलेला, कोरडा, थेट अरुणाचा ‘च’ होता. चंद्रहास वळून बघतच राहिला. “और ‘गं’ को खींचती थीं. काय गंऽ. ऐसे.”

“तुला हे सगळं येतं?”

“आता है,” ती खांदे उडवत म्हणाली. “हमसे कभी किसी ने बुलवाया ही नहीं.”

तेव्हापासून ती त्याच्या शेजारी बसू लागली. तो नियम बदलायचा, ती ऐकून चूक सांगायची. हिवाळ्याच्या अखेरीला एक दिवस मशीनने ‘काळजी’ हा शब्द असा म्हटला, की दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चंद्रहास धावत अरुणाकडे गेला, कीबोर्ड तिच्या मांडीवर ठेवला. “बोल, काहीही बोल. आता येतं त्याला.”

अरुणाने उजवा हात उचलला. बोट अक्षरावर टेकलं, पण खाली दाबलं गेलं नाही. तिने डाव्या हाताने उजवा हात धरून पाहिला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्याच्याकडे बघितलं. बोटं जाऊ लागली आहेत हे तिला ठाऊक होतं. कामात बुडालेल्या त्याला ती बिचारी सांगत नव्हती.

मग शर्यत दुसऱ्या वाटेने सुरू झाली. कॅमेऱ्यापुढे डोकं हलवून पडद्यावरचा बाण फिरवायचा प्रोग्राम मिळाला, तोही फुकट. तो चालला. खिडकीपाशी उजेडात बसवलं की अरुणा डोकं हळूहळू वळवून अक्षरं टिपायची. वीज गेली, उजेड बदलला, चष्म्यावर तिरीप आली, की बाण भलतीकडे पळायचा. एक वाक्य पुरं होईपर्यंत तिच्या कपाळावर घाम यायचा. त्या दिवसांत ती रोज एक-दोन वाक्यं बोलली. एकदा म्हणाली, “मिश्रावहिनींना सांगा, कुंडीला पाणी फार घालतात.” एकदा चंद्रहासला म्हणाली, “दाढी करा.” तिचा आवाज नव्हताच तो, पण बोलणारी तीच होती, आणि त्या काही आठवड्यांत त्या घरात पुन्हा थोडा धाकदपटशा चालू झाला.

उन्हाळ्यात मानही पडली. कॅमेरा तिचं तोंड शोधायचा आणि सापडत नाही म्हणून बंद पडायचा. चंद्रहास मागे उभा राहून दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून ठेवायचा आणि म्हणायचा, “आता बघ, जमेल, आता जमेल.” एका दुपारी तिने डोळे घट्ट मिटून घेतले आणि उघडेचना. क्षितिजाने पुढे होऊन कॉम्प्युटर बंद केला. “बस, बाबा. वो थक गई हैं. बस कीजिए.”

तो क्षितिजावर ओरडला. असा तो कधीच ओरडला नव्हता. मग जमिनीवर बसला आणि म्हणाला, “मी अजून काय करू सांग ना. मला दुसरं काही येत नाही.”

शेवटी एका कार्डबोर्डवर बाराखडी लिहिली. क्षितिजा आईसमोर बसून मोठ्याने म्हणायची, “क-ची ओळ? च-ची? ट-ची?” हव्या त्या ओळीला अरुणा डोळे मिटायची. अक्षरामागून अक्षर, मग शब्द. आणि सगळं मराठीत, कारण अरुणाचे शब्द मराठी होते. पण हेही अरुणाला दिवसेंदिवस जड जाऊ लागलं. नंतरनंतर ती फक्त हो आणि नाही सांगायची, आणि शेवटी प्रश्न विचारला तरी पुष्कळदा नुसती बघत राहायची.

२०१३च्या जानेवारीत, बाहेर धुकं दाटलेलं असताना, छातीत कफ होऊन अरुणा गेली. हॉस्पिटलातून घरी आल्यावर चंद्रहासने कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढून टाकली.

रविवारचे ईमेल बंद झाले. लोकांनीही दार वाजवणं बंद केलं. एक तर शेजाऱ्यांना संकोच वाटायचा आणि दुसरं, सगळं आता मोबाइलवर मिळत होतं. क्षितिजा शिकायला पुण्याला गेली. चंद्रहास बँकेत जायचा, यायचा, टीव्ही लावून बसायचा.

दोन वर्षांनी त्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांचा फोन आला. बख्शी का तालाब या गावाला एक पेशंट आहेत, हवाई दलातून निवृत्त झालेले, तुमच्याकडचेच. आवाज गेला आहे, हातात अजून थोडी ताकद आहे. “आपने कुछ बनाया था ना?”

चंद्रहासने नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. मग त्याने पत्ता लिहून घेतला.

गावाबाहेर गव्हाच्या शेतांलगत ते घर होतं. बाबुराव शेलार खाटेवर उशांना टेकून बसले होते. त्यांच्या पत्नी सुरेखाबाई चंद्रहासला बघताच म्हणाल्या, “या भाऊ. महिनाभर झाला, ह्यांचा एक शब्द ऐकला नाही मी. काय हवं-नको, सगळं अंदाजानं चाललंय.” डोक्यावर पंखा गरगरत होता. फेब्रुवारी होता, बाहेर लोक अजून स्वेटर घालून होते. “ह्यांना गुदमरायला होत असेल,” चंद्रहासची नजर बघून त्या म्हणाल्या, “म्हणून मी पंखा बंदच करत नाही.”

चंद्रहासने लॅपटॉप उघडला आणि जुन्या डिस्कवरून त्या सगळ्या फायली काढल्या. बाबुरावांच्या बोटाखाली एक बटण जोडलं. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळायच्या, हवी ती ओळ आली की बटण दाबायचं. समजावून सांगितल्यावर बाबुरावांनी डोळ्यांनीच होकार दिला आणि सुरुवात केली. सुरेखाबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

आवाज म्हणाला, “पंखा बंद कर. थंडी वाजते.”

 सुरेखाबाईंनी धावत जाऊन पंख्याचं बटण बंद केलं, रजई ओढून बाबुरावांच्या गळ्यापर्यंत आणली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून हुंदके देऊ लागल्या. “महिनाभर,” त्या म्हणत होत्या, “अहो, महिनाभर!”

चंद्रहास बाहेर आला. स्कूटरला टेकून उभा राहिला. शेवटच्या दिवसांत तो अरुणाच्या उशाशी रेडिओ लावून ठेवायचा. तिला गाणी आवडायची म्हणून दिवसभर लावून ठेवायचा. तो रेडिओ तिला हवा होता का? हा प्रश्न त्याला आजवर कधी पडलाच नव्हता. आणि खिडकीचा पडदा? आणि कुशीला लावलेली ती उशी? एकेक गोष्ट आठवत गेली. आता विचारायचं कुणाला?

“भाऊ,” दारातून सुरेखाबाईंनी हाक मारली. “आत या हो. ते अजून काहीतरी म्हणताहेत.”

त्याने बाहीने तोंड पुसलं आणि तो आत गेला.